टिटवी दुपारच्या उन्हात पोट भिजवून अंड्यांवर का बसते? अंदाज तपासायचा कसा?

माळावरचा_मास्तर

राम राम मंडळी. मी परभणी जिल्ह्यात शाळेवर आहे, येलदरीच्या खालच्या अंगाला. शाळेमागं मुरमाड माळ आहे, तिथं दर उन्हाळ्यात टिटव्या अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता वीतभर खळगा, कडेनं बारके खडे आणि शेळीच्या लेंड्या, मधी चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली आणि रंग असा की पायाखाली येईस्तोवर दिसत नाहीत.

तर मुद्दा असा की एप्रिल-मेच्या दुपारी टिटवी अंड्यांवरून उठते, कालव्याच्या पाझराचं डबकं आहे तिथं जाते, पाण्यात बसून पोटाची पिसं चांगली भिजवते आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसते. पोरांनी विचारलं, सर असं कामून करते. वर्गातच चार उत्तरं आली. अंडी गार ठेवायला. तिला स्वतःलाच उकडतं म्हणून. अंड्याच्या कवचाला ओल लागत असेल, इनक्युबेटरमधी पाण्याचं भांडं ठेवतात तसं (हे ज्या पोरीनं सांगितलं तिच्या घरी पोल्ट्री आहे). आणि चौथं, अंघोळ करते, दुसरं काही नाही.

चारही ऐकायला बरोबर वाटतात आणि अडचण तिथंच आहे. पुस्तकात सरळ "अंडी थंड राहावीत म्हणून" असं असतं पण मला पोरांना उत्तर सांगायचं नाही, त्यांनी ते तपासून काढावं अशी इच्छा आहे. अंड्यांना हात लावायचा नाही, घरटं हलवायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच आणि मनालाही पटत नाही. नुसतं बघून आणि लिहून चारातलं कोणतं खरं ते ठरवता येईल का?

सेलूकर

सर चांगला विषय. आमची आजी सांगायची टिटवीनं चार अंडी घातली की चार महिने पाऊस, तीन घातली तर तीन महिने. उंचवट्यावर घातली तर पाऊस जोरात, नदीच्या पात्रात घातली तर दुष्काळ. हे पण तपासा पोरांकडून, शेतकऱ्याच्या कामाचं होईल.

रानवाट_नांदेड

मास्तर, नुसतं बघून बरंच ठरवता येतं, फक्त बघायच्या आधी एक काम करावं लागतं. प्रत्येक उत्तराला विचारायचं की तू खरा असशील तर मला माळावर काय दिसलं पाहिजे, आणि काय दिसलं तर तू खोटा. चारही उत्तरं "टिटवी पोट भिजवते" एवढंच सांगत असतील तर पोट भिजवताना कितीही वेळा बघितलं तरी काही ठरत नाही, कारण ते चौघांनाही मान्यच आहे. जिथं चौघांचं एकमेकांशी पटत नाही ती जागा शोधायची आणि डोळे तिथं लावायचे.

अंघोळ असेल तर पक्षी डोकं पाण्यात बुडवील, पंख फडफडवील, बाहेर आल्यावर अंग झाडील, चोचीनं पिसं नीट करील, वाळवील. आता तुमची टिटवी काय करते ते बघा. फक्त पोट भिजवून, न झाडता, पाणी तसंच ठिबकत सरळ घरट्याकडं चालत गेली तर अंघोळीचा अंदाज कच्चा पडतो.

स्वतःला उकडतं म्हणून असेल तर ज्या टिटव्यांना अंडीच नाहीत त्याही त्याच दुपारी तितक्याच वेळा पोट भिजवायला पाहिजेत. डबक्यावर बिनअंड्यांच्या टिटव्या येतातच, त्यांची पण नोंद ठेवा. लोक घरट्यावरच्या पक्ष्याकडंच बघत बसतात आणि तुलना करायला समोर काही राहत नाही.

अंडी गार ठेवायला असेल तर भिजवणं जमिनीच्या तापण्याशी बांधलेलं पाहिजे. सकाळी कमी, एक ते चारच्या दरम्यान जास्त, ढगाळ दिवशी कमी, लिंबाच्या सावलीतल्या घरट्याला कमी आणि उघड्या माळावरच्या घरट्याला जास्त, तेही एकाच दिवशी. अंड्यातला गर्भ साधारण ३७-३८ अंशाला वाढतो आणि त्याच्या वर थोडंच गेलं तरी धोक्यात येतो, आणि आपल्याकडचा उघडा मुरूम मे महिन्यात पन्नाशीच्या वर सहज तापतो. म्हणजे या पक्ष्याचं दुपारचं काम ऊब देण्याचं राहतच नाही, ते उलटं होतं. पण हे मी नुसतं कागदावर सांगतोय, तुमच्या माळावर ते दिसलं पाहिजे.

तिसरा अंदाज, कवचाला ओल, हा सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेला. कारण मराठवाड्यात ऊन आणि कोरडी हवा जोडीनंच येतात. ज्या दिवशी तापतं त्याच दिवशी हवा सुकी असते, मग टिटवी उन्हाला घाबरून भिजली की कोरडेपणाला ते कसं ओळखणार? यावर उपाय तुमच्याकडं आपोआप येतो, मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. तेव्हा तापमान चांगलं असतं पण हवा दमट झालेली असते, अंगाला चिकचिक होते. ओलीसाठी भिजत असेल तर त्या दिवसांत भिजवणं घटेल. उन्हासाठी असेल तर घटणार नाही. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळा, दोन्हीतल्या फरकावरून हवा किती कोरडी ते कळतं. फरक जास्त म्हणजे हवा कोरडी.

उषाताई_अंबाजोगाई

रानवाट यांनी छान सांगितलं. मी यात फक्त शिक्षिका म्हणून भर घालते. जी मुलं टिटवी मोजतील त्यांना त्या वेळचं तापमान सांगू नका. एक गट पक्षी बघेल, दुसरा गट थर्मामीटर, आणि दोन्ही वह्या आठवड्यानं एकत्र करायच्या. नाहीतर "आज लई ऊन आहे म्हणजे ती भिजणार" असं मनात बसतं आणि नुसती पाणी प्यायला वाकली तरी मूल भिजली म्हणून लिहितं. यात मुलाची लबाडी नसते.

बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा तुम्हाला माहिती असेल. खूर आपटून गणिताची उत्तरं द्यायचा. १९०४ साली तज्ज्ञांनी तपासलं, मालकाची काही फसवाफसवी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी साधी गोष्ट केली, विचारणाऱ्यालाच उत्तर माहिती नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोडा चुकायला लागला. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. मालकालाही ते कळत नव्हतं, तो मनापासून खरं बोलत होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण आपल्या शाळांमधून प्रयोग म्हणजे ठरलेलं उत्तर आणायचं असंच शिकवलं जातं, आणि प्रदर्शनात बक्षीसही त्यालाच मिळतं.

अजून एक, टिटवी मुलांना बघून उठली आणि मग सहज पाण्याकडं गेली तर ती नोंद कामाची नाही. किती लांब बसलं की ती ओरडायची थांबते ते आधी बघून घ्या आणि गप्प बसल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, मगच मोजायला सुरुवात करा.

लातूरकर_९३

मुक्या जनावरांना कळतं हे मी स्वतः बघितलंय त्यामुळं मला असले मोजमाप पटत नाही. भूकंपाच्या रात्री आमच्या औशाकडच्या गावात कुत्री रडत होती. ३० सप्टेंबर ९३, पहाटे चारच्या सुमाराला धक्का बसला. किल्लारी सास्तूर सगळं गेलं. कुत्र्यांना आधीच कळलं होतं.

रानवाट_नांदेड

लातूरकर, तुम्ही ते भोगलंय, त्या रात्रीबद्दल बोलताना मी शब्द जपूनच वापरीन. तुम्ही कुत्री रडताना ऐकली यावर मला शंका नाही. प्रश्न पुढचा आहे, ती भूकंपामुळं रडत होती का. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका, ढोलताशे, फटाके. त्या रात्री मराठवाड्यातच काय, जिथं भूकंप नव्हता अशाही हजारो गावांत कुत्री बिथरलेली असणार. तिथल्या कुणाच्या ती लक्षात राहिली नाहीत कारण पहाटे तिथं काही घडलं नाही. आणि आदल्या वर्षी १९९२ मधी किल्लारीला बारके धक्के बसत होते, त्या रात्री कुत्री कशी वागली हेही कुणी लिहिलेलं नाही.

म्हणून इटलीतली एक नोंद मला मोलाची वाटते. लाक्विला इथं ६ एप्रिल २००९ ला भूकंप झाला. तिथून ७४ किलोमीटरवरच्या एका तळ्यावर संशोधक आधीपासून रोज बेडूक मोजत होते, वेगळ्याच कामासाठी, भूकंपाचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. भूकंपाच्या पाच दिवस आधी ९६ टक्के नर तिथून निघून गेले. ही नोंद घटनेच्या आधी लिहिलेली आहे, नंतर आठवलेली नाही. तरी ते एकच तळं आणि एकच भूकंप, एवढ्यावरून बेडकाला भूकंप कळतो असं ठरत नाही.

चीनमधी हाइचेंगला फेब्रुवारी १९७५ मधी जनावरांचं वागणं आणि बारके धक्के बघून लोक घराबाहेर काढले आणि हजारो जीव वाचले. पुढच्याच वर्षी जुलैमधी तांगशानला कसलाही इशारा देता आला नाही आणि दोन लाखांवर माणसं गेली. माणसांचा जीव ज्यावर टांगायचा ती गोष्ट "मला तसं वाटलं" यावर सोडता येत नाही, म्हणूनच मी मोजमापाचा हट्ट धरतो.

एवढं मात्र नक्की, भूकंपाची पहिली लाट वेगानं येते आणि सौम्य असते, जोरात हलवणारी तिच्या मागून येते. काही सेकंद आधी जनावर उठलं तर त्यात अशक्य काहीच नाही. रात्रभर आधी उठलं हा दावा वेगळा आहे, दोन्ही एकात मिसळू नयेत.

लातूरकर_९३

मिरवणुकीचं मी कधी असं जोडून बघितलं नव्हतं. आमच्याकडं पण रात्री बारा-एकपर्यंत वाजत होतं. पण तरी मला वाटतं काहीतरी असतं. तुम्ही म्हणता तसं आधीपासून लिहून ठेवलेलं पाहिजे हे मान्य.

ढोरांचा_डॉक्टर

जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, देवणी आणि लाल कंधारी जातीची गाईबैलं जास्त बघतो. उषाताईंनी मनातलं सांगितलं म्हणून एक चांगला प्रयोग सांगतो. झेब्र्याच्या पट्ट्यांवर लोक फार वर्षं वाद घालत आलेत. कुणी म्हणायचं वाघसिंहाला चकवायला, कुणी म्हणायचं गारवा राहायला, कुणी म्हणायचं माश्यांपासून बचाव. जपानमधी काही संशोधकांनी २०१९ मधी काळ्या गाई घेतल्या आणि त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले. चावणाऱ्या माश्या साधारण निम्म्यानं कमी झाल्या.

इथं कुणीही म्हणेल की माश्या रंगाच्या वासानं पळाल्या असतील, पट्ट्यांचा काय संबंध. त्यांनी ते आधीच धरलं होतं. त्याच गाईंवर काळ्या रंगाचे पण पट्टे मारून बघितले, म्हणजे रंग आहे, वास आहे, पण काळ्यावर काळं त्यामुळं पट्टे दिसत नाहीत. माश्या कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी इंग्लंडमधी घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांची झूल घातली, अंगावर माश्या कमी बसल्या आणि उघड्या राहिलेल्या डोक्यावर मात्र नेहमीएवढ्याच. एकाच जनावरावर दोन्ही बाजू बघायला मिळाल्या, असं जमून आलं की मन भरतं.

आपण पोळ्याला बैल रंगवतोच. कुणाला करून बघायचं असेल तर अंगाला न बाधणारा रंग घ्या, आणि साध्या रंगाचा बैल शेजारी बांधल्याशिवाय करू नका.

सेलूकर

माझ्या चार अंड्यांचं कुणीच बोललं नाही.

माळावरचा_मास्तर

सेलूकर, तुमचा प्रश्न मी सोडलेला नाही. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, कधी तीन. आणि आपला पावसाळा जून ते सप्टेंबर, चार महिने. त्यामुळं "चार अंडी चार महिने" हे दरवर्षी जुळल्यासारखंच दिसणार, पाऊस कसाही पडो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी टिटव्यांनी किती अंडी घातली होती? कुणाकडंच लिहिलेलं नाही. जो अंदाज कोरड्या वर्षी पण खोटा ठरू शकत नाही त्याच्या भरवशावर पेरणी करायला मी माझ्या भावाला तरी सांगणार नाही.

उंचवट्याचं मात्र तपासण्यासारखं आहे. टिटव्या आता घरांच्या स्लॅबवर पण अंडी घालतात. पाऊस कळतो म्हणून का मोकाट कुत्री आणि ट्रॅक्टरच्या नांगरटीपासून लांब म्हणून? पावसामुळं असेल तर ज्या वर्षी उंच घालतील त्या वर्षी पूर्ण तालुक्यात उंच घालतील. कुत्र्यांमुळं असेल तर एकाच वर्षी एका गावात उंच आणि दुसऱ्या गावात खाली असं दिसेल. आणि पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा धरायचा, पारावर ऐकलेला नाही. तुमची आजी जे सांगायची ते लिहून ठेवा, मेमधी तारखेसकट, पाऊस पडायच्या आधी. मी तुमच्या बाजूनं मोजायला तयार आहे.

सेलूकर

हे जमतंय. आमच्या शेतातल्या आखाड्याच्या पत्र्याजवळ एक जोडी असते दरसाल. लिहितो.

वाचक_हिंगोली

एक शंका. आमच्या घरी यावरून वाद झाला. मुलगा म्हणतो टिटवी ऊन लागलं की भिजते, मुलगी म्हणते पिल्लं जगावीत म्हणून भिजते. कुणाचं बरोबर?

रानवाट_नांदेड

दोघांचंही बरोबर असू शकतं, त्यांचं भांडण नाहीच. मुलगा सांगतोय कोणती गोष्ट तिला उठवते, मुलगी सांगतेय उठून तिला मिळतं काय. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी १९६३ मधी हे चार प्रश्नांत वेगळं करून मांडलं. ही वागणूक कशानं सुरू होते, पक्षी वाढताना ती कशी येते, तिचा उपयोग काय, आणि पिढ्यानपिढ्या ती कशी घडत आली. एकाचं उत्तर दुसऱ्याला खोडत नाही. मास्तरांच्या वर्गातली चार उत्तरं मात्र बरीचशी एकाच प्रश्नाची आहेत, उपयोग कुणाला आणि काय, म्हणून ती एकमेकांसमोर उभी करता येतात. खरी दोन निघाली तरी चालेल, अंडीही गार आणि पक्षीही गार.

आणि मास्तर, टिनबर्गन यांचंच एक काम पोरांना नक्की सांगा. काळ्या डोक्याचा कुरव पक्षी पिल्लू बाहेर आलं की फुटकं कवच चोचीत धरून लांब नेऊन टाकतो. कामून? धार पिल्लाला लागेल, कवचात रोगजंतू होतील, किंवा आतला पांढरा भाग चमकून शत्रूला दिसेल. त्यांनी इंग्लंडमधी रेव्हनग्लासच्या वाळूत अंडी मांडली, शेजारी फुटकी कवचं ठेवली, काहींना १५ सेंटिमीटरवर, काहींना एक मीटरवर, काहींना दोन मीटरवर. कावळ्यांनी आणि मोठ्या कुरवांनी जवळ कवच असलेली ४२ टक्के अंडी नेली, मधली ३२ टक्के, लांबची २१ टक्के.

पण मला जास्त पटलेला भाग दुसराच आहे. किट्टिवेक नावाचा कुरवाचाच भाऊबंद उभ्या कड्यावर घरटं करतो, तिथं शत्रू सहसा पोचत नाही. तो कवचं टाकतच नाही. धार आणि जंतू तर कड्यावर पण असणार, मग तो का नाही टाकत? हात न लावता, नुसत्या दोन जातींची तुलना करून दोन अंदाज मागं पडले. तुम्हाला हेच करायचंय, सावलीतलं घरटं आणि उन्हातलं घरटं. आणि टिटवीची पिल्लं बाहेर आली की कवचांचं काय होतं तेही पोरांना बघू द्या.

माळावरचा_मास्तर

ठरलं मग. पोरांनी आज वहीच्या पहिल्या पानावर चारही अंदाज आणि प्रत्येकाखाली "हे दिसलं तर मी खोटा" असं लिहिलंय. पोल्ट्रीवाल्या पोरीनं स्वतःच्याच अंदाजाखाली सगळ्यात कडक अट घातली, दमट दिवशी पण तेवढीच भिजली तर माझं चुकलं. लिंबाखाली एक घरटं आहे, माळावर दोन. बिनअंड्यांच्या टिटव्यांसाठी वेगळा रकाना केला.

एक काळजी आहे. मेच्या मध्यात कालव्याचं आवर्तन बंद होतं आणि डबकं आटतं. मग प्रयोग बसलाच म्हणायचा का?

रानवाट_नांदेड

उलट तो दिवस चुकवू नका. पाणी लांब गेलं की भिजायला जायचं म्हणजे तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात, कावळा आणि मुंगसाच्या तोंडी. तेव्हा ती लांब शेततळ्यावर जाते, का जायचं सोडून अंड्यांवर उभी राहून पंखाची सावली धरते? लांब जात असेल तर किती वेळ अंडी उघडी राहतात, आणि जोडीदार लगेच येऊन बसतो का, ते घड्याळ लावून लिहा. सावली धरणं हा पाचवा रकाना आत्ताच आखून ठेवा, डबकं आटल्यावर नको, म्हणजे आधीच्या दिवसांशी ताडून बघता येईल.

ढोरांचा_डॉक्टर

आणि थर्मामीटर घरट्याजवळ नको, तिला खटकेल. तसाच मुरूम आणि तेवढंच ऊन असलेली लांबची जागा बघा आणि तिथं जमिनीवर ठेवा. माझ्याकडं जास्तीचे दोन आहेत, बसनं पाठवून देतो, कुठल्या स्टँडवर उतरवू ते कळवा.

माळावरचा_मास्तर

जिंतूरला. सोमवारी मी येतोच तिकडं.